एसी चालू असूनही गरम हवा येते तेव्हा : गाडीतील फ्लॅप मोटर तपासणे आणि बदलणे

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, तेव्हा गाडीतील एसी ही चैनीची वस्तू राहत नाही. याच दिवसांत एसी नीट थंड करत नसल्याची तक्रार घेऊन लोक गॅरेज गाठतात आणि बहुतेक वेळा पहिला उपाय म्हणून गॅस भरून घेतात. गॅस खरोखरच कमी असेल तर ते योग्यच आहे. मात्र अनेक गाड्यांत बॉनेटखालची यंत्रणा आपले काम चोख करीत असते, थंडावा तयार होत असतो, आणि डॅशबोर्डच्या आतली प्लास्टिकची एक झडप चुकीच्या जागी अडकल्यामुळे तो प्रवाशांपर्यंत पोहोचत नाही. ही झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरला ॲक्च्युएटर म्हणतात. गॅरेजमध्ये ती फ्लॅप मोटर म्हणून ओळखली जाते. गॅस, कॉम्प्रेसर किंवा कूलिंग कॉइल यांवर खर्च करण्यापूर्वी ही मोटर तपासून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण ही तपासणी घरच्या अंगणातही करता येते आणि तिचा पहिला भाग कोणतेही हत्यार न वापरता होतो.

डॅशबोर्डच्या आतली रचना

ब्लोअरने ढकललेली हवा प्रथम कूलिंग कॉइलमधून जाते आणि तेथे थंड होते. त्यानंतर ती तापमान ठरवणाऱ्या झडपेपाशी येते. या झडपेच्या एका बाजूला सरळ पुढे जाणारा मार्ग असतो आणि दुसऱ्या बाजूला हीटर कोर असतो, ज्यातून इंजिनचे तापलेले कूलंट वाहत असते. आपण तापमान अगदी कमी ठेवले की झडप हीटरकडचा मार्ग पूर्ण बंद करते. तापमान वाढवले की ती हळूहळू उघडते आणि थंड हवेत गरम हवा मिसळते. ही झडप अर्धवट उघडी राहिली तर एसी कितीही चांगला असला तरी तोंडावर येणारी हवा कोमटच असणार, कारण गाडी स्वतःच ती पुन्हा तापवत असते.

याखेरीज आणखी दोन प्रकारच्या झडपा असतात. एक हवेची दिशा ठरवते, म्हणजे हवा तोंडाकडे, पायांकडे की समोरच्या काचेकडे जाईल हे तिच्यावर अवलंबून असते. दुसरी बाहेरची हवा आत घ्यायची की आतलीच फिरवायची हे ठरवते. ज्या गाडीत चालक आणि शेजारचा प्रवासी यांना वेगवेगळे तापमान ठेवता येते, तिच्यात तापमानाच्या झडपा आणि त्यांच्या मोटरी सहसा दोन असतात.

मोटरच्या डबीत एक अगदी छोटी डीसी मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारी प्लास्टिकच्या दातेरी चाकांची मालिका आणि झडप नेमकी कोठे आहे हे सांगणारा एक सेन्सर असतो. एसीचा कंट्रोल मोटरला वीज देतो, सेन्सरकडून येणारा व्होल्टेज पाहतो आणि झडप हव्या त्या जागी पोहोचली की वीज तोडतो. चाकाचा एखादा दाता तुटला की मोटर फिरत राहते, चाक तेथल्या तेथे घसरते आणि डॅशबोर्डच्या आतून एका लयीत टक-टक असा आवाज येऊ लागतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड हाताला चटका बसेल इतका तापतो, आणि अशा उष्णतेत वर्षानुवर्षे राहिलेले प्लास्टिक ठिसूळ होते. त्यातच आपल्याकडे फेब्रुवारीपासून पावसाळा लागेपर्यंत तापमानाचे बटण सर्वांत थंड जागेवरून कोणी हलवत नाही. डिसेंबरात सातपुड्याकडून गार वारे सुरू झाले आणि प्रथमच हीटर लावला, की चिकटलेली झडप हलवताना कमकुवत दात्यावर एकदम ताण येतो. उन्हाळ्यातही महिन्यातून दोन-चार वेळा बटणे दोन्ही टोकांपर्यंत फिरवत जावीत, ही सवय मला उपयोगाची वाटते.

सगळ्याच गाड्यांत ही मोटर असते असे नाही. अनेक लहान आणि जुन्या गाड्यांत तापमानाचे बटण थेट तारेच्या केबलने झडपेला जोडलेले असते. बटण फिरवताना हाताला यांत्रिक ओढ जाणवत असेल आणि गाडी बंद असतानाही ती तशीच लागत असेल, तर बहुधा केबल आहे. अशा गाडीत केबलची क्लिप निसटणे किंवा केबल ताणली जाणे हा दोष असतो आणि पुढील विद्युत तपासण्या तिला लागू होत नाहीत.

हत्यार न वापरता होणारी तपासणी

सकाळी गाडी थंड असताना खिडक्या बंद करून इग्निशन चालू करावे, इंजिन मात्र सुरू करू नये. ब्लोअर सर्वांत कमी वेगावर ठेवून तापमान सर्वांत कमीवरून सर्वांत जास्तवर आणि पुन्हा मागे न्यावे. चांगली मोटर काही सेकंद बारीक घरघर करते आणि थांबते. टक-टक ऐकू आली, तर ती कोणते बटण फिरवल्यावर येते हे पाहावे. तापमान बदलल्यावर येत असेल तर तापमानाची मोटर, दिशा बदलल्यावर येत असेल तर दिशेची. बटणांना हात न लावताही केवळ इग्निशन चालू केल्याबरोबर आवाज येत असेल, तर कंट्रोल सर्व मोटरींची जागा तपासत असताना त्यांपैकी एक अडखळते आहे असे समजावे आणि कान डॅशबोर्डजवळ नेऊन बाजू निश्चित करावी.

त्यानंतर इंजिन सुरू करून ते नेहमीच्या तापमानाला येऊ द्यावे, एसी लावावा आणि बॉनेट उघडावे. केबिनकडून कॉम्प्रेसरकडे परत येणारा जाड ॲल्युमिनियमचा पाइप हाताला चांगला थंड लागत असेल, तर गॅसची यंत्रणा ढोबळमानाने काम करीत आहे. हात लावताना पंखा आणि फिरणारे पट्टे यांपासून बाह्या आणि गळ्यातला रुमाल दूर ठेवावा. येथे खानदेशातील वाचकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. पाइपला घाम सुटत नाही किंवा गाडीखाली पाणी टपकत नाही, म्हणून गॅस संपला, असे सर्रास सांगितले जाते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते, की उत्तम चालणाऱ्या एसीतूनही पाणी फार कमी गळते. मुंबई-कोकणातील गाडीला लावायचा हा निकष भुसावळच्या दुपारी लावू नये. पाइप थंड आहे की नाही, एवढेच पाहावे.

पाइप थंड आणि तोंडावरची हवा गरम, असे असेल तर संशय तापमानाच्या झडपेवर जातो. स्वयंचलित एसी असलेल्या गाडीत आणखी एक सोपी खूण आहे. तापमान सर्वांत खालच्या ‘लो’ या जागी नेल्यावर बहुतेक गाड्यांत कंट्रोल सेन्सरांचा विचार न करता झडप पूर्ण थंड बाजूला नेतो. ‘लो’ वर हवा थंड येते, पण २४ किंवा २५ अंशांवर ठेवल्यास गरम वाटते, असे होत असेल तर मोटरऐवजी केबिनचा तापमान सेन्सर किंवा ऊन मोजणारा सेन्सर तपासावा. ‘लो’ वरही गरमच हवा येत असेल तर झडप पूर्ण बंद होत नाही, ही शक्यता बळावते.

चालकाच्या बाजूला थंड आणि शेजारी गरम, ही तक्रार दोन मोटरींच्या गाडीत बहुधा एका मोटरची असते. मात्र गॅस कमी झाला तरी कूलिंग कॉइल एकाच बाजूने थंड होते आणि नेमका हाच फरक दिसतो. म्हणून अशा गाडीत गॅसचा दाब मोजून घेणे आवश्यक आहे. मोजणे आणि भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गॅरेजमध्ये आधीच स्पष्ट करावे.

आतली-बाहेरची हवा ठरवणाऱ्या झडपेकडे फार दुर्लक्ष होते. ती बाहेरच्या बाजूला अडकली, तर एसीला केबिनमधल्या निवलेल्या हवेऐवजी सतत ४५ अंशांची हवा थंड करावी लागते. परिणामी रात्री एसी झकास चालतो आणि दुपारी मान टाकतो, आणि पुन्हा दोष गॅसवर ढकलला जातो. धुळे-जळगाव रस्त्यावर ट्रकच्या मागे असताना आतल्या हवेचे बटण दाबूनही धुळीचा आणि धुराचा वास येत राहणे, ही तिची ठळक खूण. एरवी हे बटण दाबल्यावर ब्लोअरचा आवाज थोडा मोठा होतो; तो बदल होत नसेल तर ग्लव्ह बॉक्स काढून झडप हलते का, हे डोळ्यांनीच पाहता येते.

मल्टीमीटरने खात्री करणे

मोटर शोधण्यासाठी इंटरनेटवरील चित्रे पाहताना ती बहुतेक डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांची असतात, हे ध्यानात ठेवावे. आपल्या गाडीत ग्लव्ह बॉक्स डावीकडे आहे आणि झडपांच्या डब्याची मांडणीही त्यानुसार बदललेली असू शकते. साधारणपणे एखादी मोटर ग्लव्ह बॉक्सच्या मागे आणि एखादी चालकाच्या पायांच्या वर, क्लचच्या डावीकडे, मधल्या कन्सोलच्या भिंतीलगत दिसते. नक्की जागा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावी.

प्रथम फ्यूज पाहावा. नंतर मोटरच्या कपलरपर्यंत (वायरी जोडण्याच्या प्लगपर्यंत) येणाऱ्या वायरी टॉर्चच्या उजेडात तपासाव्यात. कापसाच्या गंजीजवळ, गोदामात किंवा शेतातल्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि ब्लोअरच्या डब्यात भरलेला कापूस ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. झडपेच्या वाटेत कापसाचा बोळा बसला असेल, तर नवीन मोटरही तेथेच अडकेल.

मोटरला पाच वायरी असतील, तर सामान्यतः दोन वायरी मोटर फिरवणाऱ्या आणि तीन सेन्सरच्या असतात. सेन्सरच्या तिघींपैकी एकीवर सुमारे ५ व्होल्ट, एक अर्थिंगची आणि एक संदेश देणारी. कपलर जोडलेलाच ठेवून मागून बारीक टोकाच्या प्रोबने संदेशाच्या वायरीवरील व्होल्टेज मोजावा आणि कोणाला तरी तापमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवायला सांगावे. हा आकडा साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टच्या दरम्यान सलग बदलायला हवा. मध्येच तो उडी मारत असेल तर सेन्सरची पट्टी झिजलेली आहे. तो अजिबात बदलत नसेल तर मोटरच्या दोन वायरींवर मीटर लावून पुन्हा बटण फिरवावे. तेथे काही सेकंद बॅटरीइतका व्होल्टेज येतो, बटण उलट फिरवल्यावर त्याचे चिन्ह बदलते आणि तरीही मोटर हलत नाही, म्हणजे मोटर निकामी झाली आहे किंवा झडप अडकली आहे. व्होल्टेजच येत नसेल तर मोटर बदलून काही साधणार नाही. दोष वायरिंगमध्ये किंवा कंट्रोलमध्ये शोधावा.

काही मिस्त्री मोटर काढून थेट बॅटरीवर फिरवून पाहतात. साध्या दोन वायरींच्या मोटरला, किंवा पाच वायरींच्या मोटरमधील नेमक्या त्या दोन टोकांना, १२ व्होल्टचा क्षणभर स्पर्श चालतो. परंतु पाच किंवा सहा वायरी असलेल्या मोटरी स्टेपर, म्हणजे ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या, प्रकारच्याही असतात, आणि तीन-चार वायरींच्या मोटरीत बहुधा आत इलेक्ट्रॉनिक चिप असते. अशा मोटरला थेट बॅटरी लावल्यास चांगली मोटरही जळून जाईल. वायरिंगची आकृती हाताशी नसेल तर हा प्रयोग करू नये.

स्कॅनर वापरायचा असेल तर तो एसीचा विभाग वाचणारा असावा. एसीचे दोष सहसा ‘बी’ अक्षराने सुरू होणाऱ्या कोडमध्ये नोंदले जातात आणि बाजारातील स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे ‘पी’ कोड दाखवतात. त्यावर कोड दिसला नाही, म्हणून दोष नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

मोटर उतरवणे आणि बसवणे

काम सावलीत आणि शक्यतो सकाळी करावे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेल्या डॅशबोर्डच्या क्लिपा घाईने ओढल्यास तुटतात. इग्निशन बंद करून बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल सोडवावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ, तो ठाऊक नसल्यास किमान दहा मिनिटे, थांबावे. डॅशबोर्डच्या आत एअरबॅगच्या वायरी असतात. त्यांचे कपलर बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. त्यांना हात लावू नये आणि त्यांवर मीटरही लावू नये. म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो बॅटरी सोडवण्यापूर्वीच शोधून ठेवावा.

ग्लव्ह बॉक्स किंवा पायांकडचे आवरण काढल्यावर मोटर दिसते. ती सहसा दोन किंवा तीन स्क्रूंनी बसवलेली असते आणि जागा इतकी अरुंद असते, की नेहमीचा लांब पेचकस उभा राहत नाही. आखूड पेचकस किंवा छोट्या रॅचेटवर बसणारी गोटी (सॉकेट) लागते. स्क्रू खाली पडून कार्पेटखाली किंवा हवेच्या मार्गात जाऊ नये म्हणून टोकाला चुंबक असलेले हत्यार वापरावे. मोटर सोडवण्यापूर्वी मोबाइलवर तिचा आणि वायरींच्या मार्गाचा फोटो घ्यावा. कपलरचे कुलूप दाबूनच तो ओढावा, वायर धरून ओढू नये.

मोटर बाहेर आली की सर्वांत महत्त्वाची तपासणी करायची असते, आणि नेमकी तीच घाईत राहून जाते. झडपेचा दांडा बोटांनी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा. तो थोड्याशा जोराने सलग फिरावा आणि दोन्ही टोकांना ठामपणे थांबावा. मध्येच तो जड जात असेल तर आत पेन, नाणे, सुकलेली पाने किंवा कापूस अडकला आहे, अथवा झडपेवरील फोम उष्णतेने वितळून चिकटला आहे. हवेच्या जाळीतून काळे चुरचुरीत कण येत असतील तर ते बहुधा याच फोमचे असतात. हा अडथळा न काढता बसवलेली नवीन मोटर थोड्याच दिवसांत त्याच आवाजाने परत येते. दांडा कोठेही न थांबता गोल फिरत असेल, तर झडप किंवा तिचा दांडाच तुटला आहे. अशा वेळी बहुतेक गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि ते काम जाणत्या एसी मिस्त्रीकडेच सोपवावे. उलटपक्षी दांडा मोकळा आहे आणि बोटांनी तो थंड बाजूला नेल्यावर हवा लगेच थंड येते, आणि मोटरपर्यंत वीज येत असल्याचे मीटरने आधीच दिसले आहे, तर दोष मोटरमध्येच आहे याविषयी शंका उरत नाही.

नवीन भाग घेताना जुनी मोटर सोबत न्यावी आणि तिच्यावरील भाग क्रमांक जुळवावा. दिसायला सारख्या असलेल्या दोन मोटरींच्या दांड्याचा आकार, फिरण्याची दिशा किंवा आतला सेन्सर वेगळा असू शकतो. भंगारातून काढलेली मोटर स्वस्त मिळते, पण तिचे प्लास्टिकही तितकेच तापलेले असते, त्यामुळे इतक्या मेहनतीने पोहोचण्याच्या जागी ती बसवण्याचा सल्ला मी देणार नाही. तुटलेला दाता झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडण्याचा प्रयत्नही टिकत नाही, कारण सगळा ताण त्याच दात्यावर येतो.

बसवताना नव्या मोटरचे बाहेरचे चाक हाताने फिरवू नये. आतली बारीक चाके उलट्या जोराने तुटतात. त्याऐवजी झडपेचा दांडा बोटांनी फिरवून मोटरच्या खाचेशी जुळवावा. मोटर बळ न लावता सपाट बसली पाहिजे. स्क्रू प्रथम हाताने उलट फिरवून जुन्या आट्यांत बसल्याची खात्री करावी आणि मग बेताने आवळावेत, कारण प्लास्टिकच्या आट्या एकदा मोडल्या की मोटर हलत राहते आणि पुन्हा आवाज सुरू होतो. दांड्यावर प्लास्टिकला चालणारे सिलिकॉन ग्रीस अगदी थोडे लावावे. इंजिन ऑइल किंवा डिझेल कदापि लावू नये.

आवरणे लावण्यापूर्वीच बॅटरी जोडून तपासणी करावी. नव्या मोटरची दोन्ही टोके कंट्रोलला शिकावी लागतात. काही गाड्यांत इग्निशन चालू करून एक-दोन मिनिटे कोणत्याही बटणाला हात लावला नाही, की हे आपोआप होते. काहींत बटणांची ठरावीक जोडी दाबावी लागते आणि काहींत स्कॅनरमधूनच आज्ञा द्यावी लागते. आपल्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये पाहावी. ही पायरी वगळली तर निर्दोष मोटरही झडप अर्ध्यावर सोडते आणि भाग खराब निघाला असा गैरसमज होतो. त्यानंतर इंजिन गरम करून मधल्या जाळीत थर्मामीटर लावावा आणि तापमान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यावे; काही सेकंदांत हवेत स्पष्ट फरक पडला पाहिजे आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्यांतील आकडे जवळपास सारखे असावेत. हवेच्या सर्व दिशाही एकदा फिरवून पाहाव्यात.

भाग मिळेपर्यंत गाडी वापरायची असेल तर

यावल, रावेर किंवा शहाद्याच्या बाजूला नेमका भाग लगेच मिळेलच असे नाही. मागवून घ्यावा लागतो. तोपर्यंत तापमानाची मोटर काढून झडप हाताने पूर्ण थंड बाजूला न्यावी, ती तेथेच राहील अशी नायलॉन टायने बांधावी आणि मोटरचा कपलर सोडून ठेवून त्यावर इन्सुलेशन टेप लावावा. उन्हाळ्यात गाडी अशी बिनदिक्कत चालवता येते. दिशेची मोटर बिघडली असेल आणि पावसाळा असेल, तर तिची झडप मात्र समोरच्या काचेच्या बाजूलाच बांधावी. कन्नडच्या घाटात किंवा तोरणमाळच्या चढावर धुक्यात आणि पावसात काच आतून काही क्षणांत धूसर होते, आणि तोंडावर वारा लागण्यापेक्षा तेथे काच स्वच्छ राहणे अधिक गरजेचे असते. बांधलेली टाय पॅडलच्या हालचालीत येत नाही ना, हे सीटवर बसून ब्रेक, क्लच आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.